दोघांचा वर्ग

विमलला शेवटचं भेटलो ते इथल्या दवाखान्यात. नाकाला नळी, बोलताना दम लागत होता, तरी विचारलं काय, तर "पोरगी बसली का अभ्यासाला?" मी म्हणालो, "बसली." खोटं बोललो. संध्याकाळी मुलाचा फोन आला... आई गेली. महिना होऊन गेला. लोक येतात, तुमची बायको फार सोशिक होती म्हणतात. मी मान हलवतो. डोक्यात ते खोटंच फिरत असतं, कारण पोरगी बसत नव्हती ती माझ्यामुळे.

पोरगी म्हणजे आमची नात, खुशी. मराठी शाळेतून काढून तिला इंग्रजी शाळेत घातली, तिथे वर्ग तिला हसला. रोज सकाळी बसच्या वेळेला ओकायची. शेवटी मुलाने शाळा सोडवली आणि घरी शिकवायचं म्हणून बेंगळुरूहून एक खोकं मागवलं. त्यात वर्षाचा सगळा अभ्यास, कोणत्या दिवशी कोणतं पान तेही ठरवून दिलेलं. टॅबलेटवर एक बाई हसत हसत शिकवायची. मुलगा-सून दोघं कंपनीत, म्हणून पोरीला घेऊन बसायचं काम विमलचं. ती दहावी झालेली, इथेच टोकरखाड्यात बालवाडी चालवलेली. मी तिसरीतून पळालेला. धुळ्याकडून इथे आलो, धाग्याच्या कंपनीत जन्म काढला. मराठी अडखळत वाचतो, इंग्रजीच्या नावाने शून्य.

त्या खोक्याचं काही जमेना. दिवाळी आली तरी पोरगी पहिल्याच पुस्तकात. ती बाई हसली की ही टॅबलेट पालथा घालायची. मुलगा म्हणायचा, आई, त्यांनी सांगितलंय तसंच कर. विमलने बरेच दिवस तसंच केलं. मग एके दिवशी खोकं माळ्यावर टाकलं, इंग्रजी वाचनाचं एकच पुस्तक खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "उद्यापासून तुम्ही पण बसा." मी कशाला, असं विचारलं तर म्हणते, "एकट्या पोराचा वर्ग होत नाही. वर्गात एक तरी ढ लागतो. पोरीला मागे वळून बघितलं की कुणीतरी दिसायला पाहिजे."

राग आला, पण बसलो. नाटक करायची गरजच नव्हती. विमल मला दरडावायची आणि पोरगी माझी बाजू घ्यायची, "आजी, आबांना वेळ लागतो." पहिल्यांदा कुणीतरी तिच्यापेक्षा मागे होतं. तिचं ओकणं थांबलं. संक्रांतीपर्यंत पानं भराभर उलटायला लागली.

माझा कंपनीतला जुना जोडीदार जवळच किलवणीला राहतो. एकदा तो अचानक आला, मी सतरंजीवर मांडी घालून पुस्तकात तोंड घातलेलं. "काय शेठ, केजीत ॲडमिशन?" म्हणाला. तो हसला आणि गेला, मी मात्र आठवडाभर जळत राहिलो. पुढचं पान मुलाकडून वाचून घेतलं, पहाटे उठून पाठ केलं. जोडीदार परत आला तेव्हा पोरीने तोंड उघडायच्या आत मी अख्खं पान म्हणून टाकलं. त्याने टाळ्या वाजवल्या. खुशीने पुस्तक मिटलं आणि आत निघून गेली. विमलने पाहुण्याला चहा दिला. तो गेल्यावर म्हणाली, "सत्तरीत पहिला नंबर आला तुमचा. आता त्याचं काय करू?"

पोरीजवळ जाऊन दोन शब्द बोलायचे, तर मी म्हणालो, एवढ्याशा गोष्टीला रुसते काय. दुसऱ्या दिवसापासून ती बसेना. विमलने गोडीने सांगितलं, रागाने सांगितलं. मग तिलाच ताप चढला, छाती भरली, आणि मी वर सांगितलं तसं झालं.

तेरावा उरकल्यावर मी सकाळी सतरंजी टाकून एकटाच बसायला लागलो. पाठ न केलेलं पान उघडायचं आणि अडून राहायचं. खुशी दारातून बघून जायची. एकदा तिला थांबवलं आणि म्हणालो, "त्या दिवशी मी पाठ करून आलो होतो. मला वाचता येत नाही." दुसऱ्या दिवशी ती येऊन आपल्या जागेवर बसली.

तिने एक ओळ वाचली आणि सवयीने आम्ही दोघांनी विमल बसायची त्या भिंतीकडे बघितलं. बरोबर का चूक, सांगणारं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "मला नाही कळलं. परत वाच." तिने परत वाचलं, मध्येच थांबली, तिसऱ्यांदा वाचलं. "आधी चुकलं होतं, आबा," म्हणाली. मला तिन्ही वेळा सारखंच ऐकू आलं होतं. तसं मी तिला सांगून टाकलं, मान खाली घालून. ती हसली नाही. पुस्तक थोडं माझ्या बाजूला सरकवलं आणि पुढची ओळ वाचायला लागली.