तात्यांची दक्षिणेची तार

बिनतारी तात्यांना कशाचीच घाई नव्हती. जव्हार संस्थानच्या कचेरीत ते नकाशे काढायचे. एका रेघेची शाई पुरती वाळल्याशिवाय दुसरी ओढायचे नाहीत.

आम्ही शेजारी. त्यांचा मुलगा वसंता आगबोटीवर बिनतारी यंत्र चालवायचा आणि संध्याकाळच्या कामाआधी बापासाठी दोन अक्षरं ठोकायचा. ती ऐकायला तात्यांनी घरी यंत्र जोडलं. प्रश्न उरला एरियलचा. लाकडी चौकटीवर गुंडाळलेली तार हवी तिकडे फिरवता येते, पण दूरचं फार क्षीण ऐकते. सरळ ताणलेली दोनशे फुटांची तार दूरचं ऐकते, पण टोकांच्या दिशेचंच, कुशीकडचं नाही. बोट एडनला जायची, म्हणून तात्यांनी पूर्व-पश्चिम तार ठरवली.

साखरशेतचा लखमा कुंपणं घालायचा. तो म्हणाला, "तात्या, मेला खांब पावसात कुजंल. पांगारा लावा. जगंल." पावसाळ्यात पांगाऱ्याच्या जाड फांद्या रोवल्या. त्या मूळ धरेपर्यंत तात्या वर्षभर थांबले, मगच तार चढली. पहिल्यांदा अक्षरं ऐकली तेव्हा ते बोटाने पाटावर तीच ठोकत राहिले. काकू म्हणाल्या, "पोराशी बोलताय की पाटाशी?"

पुढे वसंताची बोट कोलंबोच्या फेरीवर लागली. दिशा बदलली आणि तार बहिरी झाली. तात्यांनी लखमाकडून दक्षिणेच्या रेषेत नव्या फांद्या रोवून घेतल्या. तोवर बांबू उभे करू, अर्ध्या दिवसाचं काम आहे, असं मी दोनदा सुचवलं.

"वाऱ्याने पडले तर तार तुटेल," तात्या म्हणाले. "लागू देत झाडं. पोरगा कुठे पळून चाललाय?"

फांद्यांना पालवी फुटली तेव्हा मला वाटलं, आता तार चढेल. त्यांनी मान हलवली. पालवी आतल्या ओलीवरही फुटते, मुळाचं वर्षाने कळतं, म्हणाले. रोज संध्याकाळी मात्र ते कानाला यंत्र लावून बसायचे. पाट वाजायचा नाही.

त्या थंडीत तापाने तात्या गेले. अर्ध्या दिवसाचा तो हिशोब माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

वसंता पोहोचला तो पावसाळ्याच्या तोंडावर. त्याने काकूंना एवढंच विचारलं, "मी रोज ठोकत होतो. बाबांना ऐकू यायचं ना?"

काकू त्याला परसात घेऊन गेल्या. लखमा तिथेच कुंपण बांधत होता. त्याने दक्षिणेचा पांगारा दोन्ही हातांनी धरला आणि जोर लावून हलवून पाहिला.

"लागलाय," तो म्हणाला.