शेवटची चार पानं

तलवाड्याच्या वाचनालयात मी पुस्तकं देतो. चाळिशीची एक मेंढपाळ बाई रोज सकाळी कालव्याच्या रस्त्यानं पळायची आणि तशीच पुस्तक बदलायला यायची. हात पदराला नीट पुसल्याशिवाय पुस्तकाला शिवायची नाही. मेंढरांमागं उभ्यानंच वाचायची. तिच्या पळण्याला लोक हसले तर म्हणायची, "हसू द्या. मला पळाया लई आवडतं."

एकदा एका कादंबरीची शेवटची चार पानं फाटलेली निघाली. "ही आधी कुणी वाचलीय?" तिनं विचारलं. मी शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या मास्तरांचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती तिथवर पळत गेली, शेवट ऐकून आली आणि चार कागदांवर लिहून तिनं तो पुस्तकाला चिकटवला.

पुढं मला त्या कादंबरीची अख्खी प्रत मिळाली. छापील शेवटात नायिका विहिरीत उडी घेते. हिच्या कागदांवर ती परगावी जाऊन दुकान टाकते.

"मास्तर विसरले वाटतं," मी म्हणालो.

"न्हाई भाऊ, त्यांनी बराबर सांगितलं. पण एवढी धीराची बाई विहिरीत कशापायी उडी घेईल? येताना पळता पळता मला ह्यो शेवट सुचला."

नवी प्रत मी कपाटात ठेवली. वाचायला अजून तिचीच देतो.