जिन्यात सांगितलेला नियम

“सर, राजीनामा तुमच्याकडेच द्यायचा ना?”

नसरीनने विचारलं तेव्हा तिच्या दोन्ही हातांत नव्या हिरव्या बांगड्या होत्या. आमच्या अकोल्याच्या ऑफिसातल्या बायकांनी लंच टाइममध्ये तिचं डोहाळजेवण केलं होतं. झाकलेल्या दोन वाट्यांपैकी तिने पेढ्याची उघडली, म्हणजे मुलगा होणार, म्हणून मागे अजून हसणं चालू होतं. तिला माहेरी न्यायला तिची आई तिवस्याहून आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आमच्याकडे सगळ्यांच्याच घरात.

मी या सरकारी ऑफिसात आस्थापना शाखेचा सुपरिंटेंडंट आहे. आस्थापना म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, पगार, रजा बघणारी शाखा. नसरीन लिपिक म्हणून लागून वर्षही झालं नव्हतं. परीक्षा देऊन मिळवलेली, तिच्या घरातली पहिलीच सरकारी नोकरी.

“राजीनामा कशाला?” मी विचारलं.

ती गोंधळली. “सर, तुम्हीच म्हणाला होता. नवीन लागलेल्यांना ही रजा नाही.”

मग आठवलं. काही महिन्यांपूर्वी तिने मला जिन्यात गाठलं होतं. मी मीटिंगला चाललो होतो. “सर, नवीन असताना मॅटर्निटी लीव्ह मिळते का?” मी न थांबता म्हणालो, “आधी दोन वर्षं सर्व्हिस पाहिजे. आणि प्रोबेशनमध्ये घरी बसलात तर नोकरी जाईल.” प्रोबेशन म्हणजे नोकरीतला सुरुवातीचा, पारखण्याचा काळ. ती “थँक यू सर” म्हणाली. कोणासाठी विचारताय, एवढंही मी विचारलं नाही.

आई पुढे आली. “साहेब, तुमी मोठे मानूस. तुमचा शब्द आमी पक्का धरला. पोरगी रडून रडून अर्धी झाली. जावई म्हने, काढून टाकन्यापेक्षा आपनच सोडलेली बरी. पन मले एक सांगा, सरकारले पोट दिसत नाही काय?”

मागचं हसणं थांबलं.

“ताई, मले पाच मिनिटं द्या,” मी म्हणालो. ऑफिसात मी पुस्तकी मराठी बोलतो. त्या वेळी घरची निघाली.

टेबलावर जाऊन रजेचे नियम काढले. मी सांगितलेला दोन वर्षांचा नियम खोटा नव्हता, जुना होता; नोकरी जाण्याचं मात्र कुठेच नव्हतं. मी नोकरीला लागलो तेव्हा सेवा किती झाली ते पाहूनच पगारी प्रसूती रजा मिळायची. पुढे सरकारने ती अट काढली. आता नवीन लागलेल्या बाईलाही पूर्ण पगारी रजा आहे. लवकर नोकरी सोडली तर रजेतला पगार परत करीन, एवढी हमी लिहून द्यावी लागते. हा बदल माझ्याच टेबलावरून गेला होता. नसरीनने लेखी अर्ज केला असता तर मी नियम उघडूनच उत्तर लिहिलं असतं. आमच्याकडे कागदाला उत्तर देताना दहादा बघतात. तोंडी विचारणाऱ्या माणसाला मात्र पाठ असलेलं सांगतात.

आमच्या वरच्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन नसरीनच्या रजेचं सांगितलं.

“प्रोबेशनवर आहे ना ती?”

“हो सर. तरी मिळते.”

“पगारासकट?”

“पगारासकट.”

“मग अडलं कुठे?”

“माझ्यापाशी, सर.”

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “बरं. अर्ज घ्या, आजच पाठवा माझ्याकडे.”

बाहेर येऊन सांगितलं. नसरीन हातातल्या बांगड्या फिरवत राहिली. आईच बोलली.

“पक्कं ना, साहेब? का हेबी जिन्यातलंच?”

सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो, पण डोळे पुसायला रुमाल काढावा लागला.

“लिहून देतो, ताई.”

तिवस्याला नसरीनला मुलगी झाली. वाटी चुकली; रजा चुकली नाही. ती परत रुजू झाली, तेव्हा आईने माझ्यासाठी डिंकाचे लाडू पाठवले होते. बाळंतिणीचे लाडू मला कशाला, म्हटलं तर नसरीन म्हणाली, “अम्मी म्हणाली, सरांनाही ताकद पाहिजे.”

त्या घराचे माझ्यावर उपकार आहेत. नसरीनने तो राजीनामा काही न विचारता आवक टेबलावर ठेवला असता, तर तो रीतसर माझ्याकडेच आला असता. आणि राजीनामा मंजूर करायचे नियम मला खरोखरच तोंडपाठ आहेत.

आता जिन्यात कोणी काही विचारलं तर म्हणतो, “वर चला, बघून सांगतो.” मीटिंगला उशीर होतो. होऊ दे.