बेड नंबर चारवरचं फील्ड स्केच

माझी सध्याची पोस्टिंग पनवेल, डायलिसिस सेंटर, बेड नंबर चार. मंगळवार, गुरुवार, शनिवार. रिपोर्टिंग सकाळी सात. डाव्या हातात दोन सुया, शेजारी मशीन, चार तास हालचाल बंद. बावीस वर्षं फौजेत काढली, पण पडून राहायचा हुकूम कधी इतका छळला नव्हता. तिसऱ्या महिन्यात ठरवलं, बस झालं, आता यायचं नाही. किडन्या गेल्या, तसे आपणही जाऊ.

टेक्निशियन रुबीनाने ते ओळखलं असावं. तिने वही-पेन्सिल माझ्याकडे सरकवली. "उजवा हात मोकळा आहे ना काका? त्याला काम द्या."

मला एकच चित्र येतं. फील्ड स्केच. पोस्टवरून समोरची जमीन दिसते तशी कागदावर उतरवायची: कडा, झाडं, ओढा, अंतरं. नियम दोन. माणसं काढायची नाहीत. आणि जे दिसत नाही, ती जागा कोरी सोडायची. दर वेळी मी एकच डोंगर काढायचो आणि फाडायचो. चैन पडेना.

एका गुरुवारी शेजारच्या बेडवरचे सुकापूरचे बाळारामभाऊ मान वळवून म्हणाले, "हवालदार, सगला डोंगर काढलात. मानूस नाय कं एक पन?"

"फील्ड स्केचमध्ये माणूस नसतो."

"मंग फाडता कशाला?"

सांगून टाकलं. आजवर घरीही बोललो नव्हतो. पोस्टवर होतो तेव्हा एका सकाळी याच डोंगराच्या उजव्या उतारावर धुकं होतं. ती जागा कोरी सोडायला हवी होती. पण स्केच अर्धवट दिसेल, साहेब बोलतील, म्हणून मी अंदाजाने सरळ उतार ओढला. तिथे खोल घळ होती. दहा वाजता लान्स नाईक दत्ताची तुकडी माझं स्केच घेऊन गस्तीला निघाली. दहा चाळीसला रेडिओ वाजला.

"उजवीकडून फायर. इथे घळ आहे. स्केचमध्ये नाही. ओव्हर."

आवाज दत्ताचा होता. त्यानंतर सेटवर दुसराच जवान बोलला. दत्ताच्या मृत्यूच्या चौकशीत सगळं खापर धुक्यावर फुटलं. मी गप्प बसलो, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

बाळारामभाऊंनी वहीकडे बोट केलं. मग म्हणाले, "त्यालाच काढा ना. डोंगर किती येळ काढाल?"

मी नियम मोडला. चेहरा मला येत नाही. नाक तीनदा खोडलं. दत्ता, वय चोवीस. हसताना डावा डोळा मिटायचा. शिव्या द्यायचा त्याही हसत. माझे डोळे भरून आले आणि पुसायला हात रिकामा नव्हता. वाहू दिले.

मशीन वाजलं. रुबीना सुया काढायला आली. "झालं काका. सुटलात."

"पाच मिनिटं थांब," मी म्हणालो. "त्याचे कान राहिलेत."