गोठ्यांवर ठिपके ठेवणारी मुलगी

त्या दुपारची आठवण निघाली की मला अजूनही आधी हसू येतं आणि मग बरं वाटतं. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. कर्नाटक सीमेलगत, देवणी भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. तिकडे गोठ्यातली बैलजोडी गेली की घरात चूल पेटत नाही. त्या हंगामात आसपासच्या गावांतल्या बऱ्याच जोड्या चोरीला गेल्या होत्या, आणि आमच्या हाती काहीच लागत नव्हतं.

एका गावातून फोनवर खबर आली, "चोर घावला, पण बाई हाय." आमची जीप निघायच्या आतच गावकरी तिला घेऊन ठाण्यात हजर झाले. सगळ्यांच्या पुढे आप्पा. गावातले मोठे शेतकरी, कपाळावर विभूती, आवाज असा की लॉकअपमधला दारुडाही उठून बसला.

"सायेब, हीच ती! आठवडा झाला, गोठ्यागोठ्याचे फोटो काढायलीय. अन् काल माझी जोडी गेली. टाका आत!"

मुलगी पंचविशीची. धुळीनं भरलेले बूट, पाठीला लॅपटॉपची पिशवी. महिला अंमलदाराला शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली. खोटं बोलणारी माणसं पोलिसांशी फार गोड बोलतात असा माझा अनुभव आहे. ही चांगलीच चिडलेली होती. मला ते बरं लक्षण वाटलं.

ती मूळची हिमायतनगरची, नांदेडला पीएच.डी. करत होती. विषय भूमाहितीशास्त्र. जनावरांच्या डॉक्टरची फिरती गाडी नेमकी कुठे उभी ठेवली, तर प्रत्येक गोठ्यापर्यंत लवकरात लवकर पोचेल, याचं गणित ती मांडत होती. त्यासाठी एकेक गोठा आणि त्याकडे जाणारी प्रत्येक पाणंद, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, नकाशावर घेत पायी हिंडत होती. तिच्या मार्गदर्शकांना फोन लावला. त्यांनी सगळं खरं असल्याचं सांगितलं.

आप्पा ऐकतात कुठले! "शिकलेली माणसं चोऱ्या करीत न्हाईत का?"

घरचा पत्ता लिहून घ्यायला मी डायरी पुढे ओढली, तशी मुलीचा आवाज एकदम खाली आला. "साहेब, घरी फोन करू नका. बाबांनी कसंबसं पाठवलंय. ठाण्यात नेलं हे कळलं ना, उद्याच मला परत नेतील. माझं शिक्षण इथंच संपेल."

मला तिची खरंच काळजी वाटली. पण बाहेर गाव जमलेलं होतं. चोर सापडल्याशिवाय तिच्यावरचा संशय फिटणार नव्हता, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "नकाशा दाखव."

पडद्यावर पाणंदींचं जाळं आणि ठिपक्याठिपक्यानं गोठे. इतका बारीक नकाशा आमच्या ठाण्यात नव्हता. चोरी झालेले गोठे मी तिला एकेक करून दाखवले आणि विचारलं, "समज, ही गाडी डॉक्टरची नाही, चोराची आहे. बैल पायी आणायचे, गावातून जायचं नाही, डांबरी रस्त्यावर यायचं नाही. गाडी कुठे उभी करशील?"

 ती राग विसरून कामाला लागली. "म्हणजे गणित तेच साहेब, फक्त उलटं." आप्पाही खुर्ची ओढून पडद्याशी बसले. चहा निवून गेला. शेवटी तीन जागा उरल्या: एक आमराई, एक नदीकाठ आणि बंद पडलेलं खडी क्रशर.

"बैल टेम्पोत उडी मारीत न्हाई," आप्पा म्हणाले. "चढ लागतो."

"क्रशरला डंपर वर न्यायचा चढ असतो," मी म्हणालो. तिनं लगेच त्या जागेची उंची काढून दाखवली. चढ होता.

चोरी झाली की आम्ही डांबरी फाट्यांवर नाकाबंदी लावायचो आणि तीनचार दिवसांनी उठवायचो. चोरांनाही हे आमच्याइतकंच पाठ होतं. कालपासूनही नाकाबंदी होतीच, म्हणजे आप्पांची जोडी अजून तिच्या आतच असणार.

पंच आणि आप्पांना घेऊन तडक निघालो. क्रशरपाशी सामसूम होती. आप्पांनी जीपमधूनच जोडीला हाक घातली, आणि पत्र्याच्या शेडमागून बैल डुरकला. आप्पा जीप थांबायच्या आत उतरले. कडब्यावर झोपलेले दोघे जागीच ताब्यात आले. आधीच्या जोड्या सीमेपार कुठे विकल्या, तेही त्यांनी संध्याकाळपर्यंत सांगितलं.

पंचनामा करून बैल ठाण्याच्या कडुलिंबाखाली बांधले. आप्पा तिच्यापुढे उभे राहिले. "पोरी, बापाचा नंबर दे."

तिचा चेहरा उतरला. मी मान डोलावली, तेव्हा तिनं नंबर दिला.

"हालो, मी देवणीकडून आप्पा बोलतोय. तुमची लेक ठाण्यात हाय. घाबरू नका, मीच आणली, चोर म्हणून. चूक माझी. तिनं माझी बैलं हुडकून दिली. तिचं काम अजून ऱ्हायलंय. तोवर ती माझ्या घरी माझ्या सुनांसंगं ऱ्हाईल. काम झाल्याबगर मी तिला धाडणार न्हाई, आधीच सांगून ठेवतो."

 पलीकडून वडिलांनी विचारलेलं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "जेवली का ती?"

ठाण्यात आणलेल्या माणसाला आम्ही हमखास विचारतो, तू तिथं काय करत होतास? त्या दिवसापासून मी त्या प्रश्नानंतर आणखी एक प्रश्न विचारू लागलो: मग तुला काय काय दिसलं?