बांगडीएवढं गाव

विमान त्या दिवशी माझ्यामुळं उडालं नाही. माझ्यासारख्या कारकुनानं असं म्हणणं कुणाला बढाई वाटेल, पण झालं ते तसंच. आणि जिला हे सर्वांत आधी सांगायला हवं होतं, तिला मी कितीतरी महिने सांगितलं नाही.

माझी माय अकोल्याकडं, पूर्णेकाठच्या गावात माझ्या थोरल्या भावाजवळ राहते. मी नोकरीमुळं अमरावतीला. तिला काचबिंदू आहे. आम्हाला ते फार उशिरा कळलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असं डॉक्टर म्हणाले. हा आजार नजर कडेनं खात येतो, मधलं तेवढं शेवटपर्यंत दिसत राहतं. माय हे सांगताना हातातली बांगडी काढून डोळ्यासमोर धरायची. "मले एवढंच दिसते पाय. तुह्यं नाक दिसलं तं कान नाई दिसत."

अमरावतीहून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा ती माझ्याकडं आली होती. गच्चीवर आम्ही वड्या वाळत घालत होतो. वरून विमान गेलं. तिला ते दिसलं नाही, आवाज ऐकू आला.

"त्यातून आपलं गाव केवढं दिसत असन रे?"

"एवढंसं. काडीपेटीएवढं."

ती वडी हातात धरून तशीच थांबली. मग म्हणाली, "मंग तं सारंच मावन."

मला कळलं नाही. तिनं बांगडी दाखवली तेव्हा कळलं. जमिनीवर उभं राहिलं की तिला घराचं दार दिसे, पण घर दिसत नसे. वरून मात्र घर, वाट, नदी सगळं एकदम त्या बांगडीत बसलं असतं. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी असं खारट, की त्यात डाळ शिजत नाही. लग्न होऊन आल्यापासून गावात नळ येईस्तोवर ती रोज पूर्णेच्या वाळूत झिरा उकरायची आणि त्यात पाझरलेल्या पाण्यानं वाटीवाटीनं घागर भरून आणायची. "ते वाट पायानं लय पाह्यली," ती म्हणाली, "आता डोयानं एक डाव सारी पाहाची हाय."

ज्या बाईची नजर डॉक्टरकडच्या दर खेपेला थोडी कमी भरते, ती एवढंच मागत होती. मी तिकिटं काढली. गाव उजव्या हाताला येईल असा हिशेब करून तिला उजवीकडची खिडकी घेतली.

विमान पंख्याचं, लहानसं होतं. आत शिरताना तिनं दाराच्या पत्र्यावरून हात फिरवला, नव्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. आम्ही बसलो, दार लागलं, एक पंखा फिरला आणि थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. मग सारं शांत झालं.

इंजिनात काही बिघाड दिसतो आहे, तंत्रज्ञ पाहत आहेत, असं हवाईसुंदरीनं सांगितलं. पोरगी विशी-बाविशीची, आमच्याच भागातली वाटत होती. खाली प्रवाशांना सांभाळायला कंपनीची माणसं नाहीत, म्हणून आतच बसा, असंही ती म्हणाली. गार हवा बंद झाली. लोक कागदानं वारा घेऊ लागले. कुणाचं कोर्टाचं काम होतं, कुणाचं मुंबईहून पुढचं विमान होतं. एका बाळानं रडून रडून आवाज घालवला. पाणी वाटता वाटता संपलं.

माय खिडकीला नाक लावून बसली होती. तंत्रज्ञानं शिडी लावून इंजिनाचं झाकण उघडलं होतं. तिच्या बांगडीत कधी त्याचा हात येई, कधी नळ्यांचा गुंता येई. "बापा!" ती म्हणाली. "केवढं आतडं हाय याचं! याले काही दुखलं तं हे जागचं हालत नाई. चांगलं हाय. आपुन तं दुखलं तरी चालतच राह्यतो." अडकून पडल्याचं दुःख तिच्या तोंडावर कुठंच नव्हतं. देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा शिरल्यासारखी ती पाहत होती.

मग वैमानिक स्वतः बाहेर आला. दुरुस्ती होत आली आहे, म्हणाला. पण आमच्या ड्यूटीची वेळ संपत आली आहे, ती संपली की आम्हाला उडता येत नाही, आणि इथं दुसरे वैमानिक नाहीत. थोडा धीर धरा. आता कुणी उतरलं, तर नियमानं त्याचं सामान विमानाच्या पोटातून शोधून काढावं लागेल, त्यात वेळ जाईल.

हे त्यानं स्वच्छ मराठीत सांगितलं. मी ऐकलं. तरी मी उठलो.

माझी सारी हयात एस्टीत गेली आहे. मूर्तिजापूरच्या फाट्यावर गाडी बंद पडली की काय करायचं, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक असतं. सगळ्यांनी खाली उतरायचं, चार जणांनी आवाज चढवायचा. मग कंडक्टर फोन लावतो, मागून दुसरी गाडी येते. आरडाओरड केल्याशिवाय काही हलत नाही, हे माझ्या हाडात मुरलं होतं. त्यात शेजारी माय तहानलेली. तिच्यासाठी काहीतरी करतो आहे असं मला वाटत होतं.

"आम्ही काय कोंबड्या आहोत का खुराड्यात?" मी ओरडलो. "उघडा दार! उतरा रे सगळे, मग पाहू कसं विमान येत नाही दुसरं!"

"काका, प्लीज बसा. थोडंच राहिलंय," हवाईसुंदरी म्हणाली.

"तू गप. तुला काय कळतं?" असं मी तिला म्हणालो. माझ्या मुलीच्या वयाच्या पोरीला.

मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "साहेब, एस्टी हाय का हे? धक्का देता का खाली उतरून?" लोक हसले. त्या हसण्यानं मला आणखी चेव आला. मी इतका बोललो, की तिघे जण खरंच उठले, बॅगा उचलल्या आणि दार उघडायला लावून उतरले.

मी मात्र उतरलो नाही. मायनं माझी बाही धरली होती. "काहून बोंबलून राह्यला रे? बस मुकाट्यानं. ते माणूस काम करून राह्यलं ना."

खाली दोन हमाल होते. त्यांनी त्या तिघांच्या बॅगा शोधण्यासाठी सगळं सामान विमानाबाहेर उपसलं. ते पुन्हा भरत असतानाच झाकण बंद झालं, तंत्रज्ञ शिडीवरून उतरला आणि पंखा फिरला. पाती दिसेनाशी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मायनं हात जोडले. "उठलं रे," ती म्हणाली, एखादं आजारी लेकरू उठून बसल्यावर म्हणावं तशी.

पंखा फिरत राहिला. शेवटची बॅग आत गेली. आणि पंख्याचा वेग हळूहळू कमी झाला, पाती एकेक करून दिसू लागली, थांबली. ड्यूटीची वेळ संपली होती. विमान रद्द.

उतरताना ती हवाईसुंदरी दारात उभी होती. सकाळपासून ती बसलेली मी पाहिली नव्हती. तिनं मायचा हात धरून तिला पायरी दाखवली, आणि मला "सांभाळून, काका" म्हणाली. मी मान खाली घालून गेलो.

गावी माय सगळ्यांना सांगत राहिली, "मशीन बिमार पडलं बिचारं. त्याचा काय दोष?" मी शेजारी बसून ऐकत राहिलो. दर वेळी खरं जिभेवर यायचं आणि मी चहाचा घोट घ्यायचो. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी सांगितलं की नजर आणखी आवळली आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. बांगडी लहान होत होती, आणि तिच्यात जे मावलं असतं ते मी ओरडून घालवलं होतं.

उन्हाळ्याच्या आधी, नदीत पाणी असेतोवर, मी पुन्हा तिकिटं काढली. विमान या वेळी वेळेवर सुटलं. जमीन खाली गेली तशी मायनं माझा हात घट्ट धरला, पण डोळे खिडकीवरून हलवले नाहीत. काळी शेतं, मधेमधे हरभऱ्याचे पिवळे पडलेले तुकडे. मग उत्तरेला उन्हात एक रेघ चमकली. वाकडीतिकडी, कुणी चांदीची तार फेकून द्यावी तशी पूर्णा पडली होती. तिच्या एका वळणाजवळ पांढुरके ठिपके होते. ते आमचंच गाव होतं हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मायला शंका नव्हती.

"ते पाय. सारंच हाय. घर बी, वाट बी, पाणी बी." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "एवढीशीच व्हती का रे ते वाट? मले तं जलमभर सरली नाई."

मी नदीकडं पाहायचं सोडून तिच्याकडं पाहत राहिलो. एवढ्याशा काचेतून, उरलेल्या एवढ्याशा नजरेतून तिचं अख्खं आयुष्य तिला एका घासात दिसत होतं, आणि त्यात तक्रारीचा एक खडा नव्हता.

"माय," मी म्हणालो, "त्या दिवशी..."

"आता गप राय. पाहू दे."

रेघ मागं सरकली, धूसर झाली, पंखाखाली गेली. तिनं मान मागं टेकवली आणि डोळे मिटले, पाहिलेलं सांडू नये म्हणून मिटावेत तसे. तेव्हा मी तिच्या कानाशी वाकलो.

"माय, त्या दिवशी मशीन बरं झालं व्हतं. मीच बोंबललो, लोकाईले उतरवलं, म्हणून ते उडालं नाई. तुही तेव्हाची जास्तीची नजर माह्यामुळं वाया गेली. त्या पोरीले बी मी नाई नाई ते बोललो. चुकलो मी, माय. मले माफ कर."