चाकामागचा दगड

मला माझ्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला भली बाई समजायला नको.

मी सांगलीजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिला बारावीचं जीवशास्त्र मीच शिकवलं, रानातल्या घरी, सोप्यात चटई टाकून. आज ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पेशी कशा सरपटतात यावर पीएच.डी. करते. एम.एस्सी. झाल्यावर मलाही तेच करायचं होतं. स्थळ आलं, लग्न झालं, राहून गेलं. तिला स्थळं यायला लागली तेव्हा मात्र आमच्या वडिलांनी, अण्णांनी, परस्पर सांगून टाकलं, "पोरगी शिकाय लागलीया, आत्ता न्हाई." माझ्या वेळी त्यांना हे वाक्य सुचलं नव्हतं.

मागच्या दिवाळीत आम्ही दोघी माहेरी होतो. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि तिने लॅपटॉप उघडला. माशाच्या खवल्यावरची एक पेशी पडद्यावर सरकत होती, सुपासारखी पसरट, पुढची कड सतत वळवळणारी. आमचं जैनाचं घर. माशाचं नाव निघताच आई आत निघून गेली. अण्णांनी एवढंच विचारलं, "जीव मरतो का गं?"

"न्हाई अण्णा. एक खवला काढायचा, मासा परत टाकीत सोडायचा."

त्यांचं समाधान झालं. मग चष्मा सारखा करून ते म्हणाले, "हिला हात न्हाई, पाय न्हाई. पुढं ढकलतंय कोण हिला?"

बहिणीने सांगितलं की पेशीत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक कण असतात. ते एकाला एक जोडून त्यांचे दोरे होतात, दोऱ्याचं टोक वाढत जातं आणि पेशीचं आवरण पुढे रेटलं जातं.

"पण कण एवढा बारका. बळ कुठनं आणतो?"

प्रश्न एकदम बरोबर होता. बहीण उष्णतेच्या हालचाली, ऊर्जा वगैरे सांगायला लागली, त्यातलं निम्मं इंग्रजीत. अण्णा मान हलवत राहिले. त्यांना कळत नसलं की ते फार मान हलवतात.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अण्णा, ओल्या रानातनं उसाची ट्रॉली चढावर काढताना तुमी काय करत हुता?"

"चाकामागं दगड लावायचो." तरुणपणी गावात या कामाला त्यांनाच बोलावत. ट्रॉली हिसका खाऊन वीतभर पुढे आली की मागे यायच्या आत चाकाखाली दगड सारायचा. पुन्हा हिसका, पुन्हा दगड.

"दगड लावणारा ट्रॉली ढकलतो का?"

"छ्या. त्याला बळ लागत न्हाई. येळ साधाय लागती."

"मग तसंच हाय हे. पेशीचं आवरण सारखं थरथरतं. जरा पुढं गेलं की मधल्या फटीत नवा कण जाऊन बसतो. आता आवरणाला मागं येता येत न्हाई. असे कैक दोरे एकाच वेळी काम करतात, आणि मागचे कण सुटून परत पुढं लावायला येतात. तुमी मागचा दगड उचलून पुन्हा वापरायचा, तसं."

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि बहिणीकडे वळून म्हणाले, "लय मोठं काम करतीस गं तू."

समजावलं मी, शाबासकी तिला. मी चहाच्या निमित्ताने उठले आणि कपबशा जरा जास्तच आपटल्या.

जानेवारीत आमच्याच कॉलेजने तिला व्याख्यानाला बोलावलं. निमंत्रणाचं पत्र मलाच लिहायला लागलं. आदल्या आठवड्यात तिचा फोन आला.

"आक्का, तुझं ते दगडाचं सांगू का गं पोरांना? तुझं नाव घेऊन सांगते."

नाव घेऊन. म्हणजे तिच्या व्याख्यानात माझा दोन ओळींचा उल्लेख. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज मी वर्गातल्या बाईंचाच ठेवला. "नको. घरात बोलायला ठीक आहे, शास्त्रात ते टिकत नाही. तुझ्या सरांच्या कानावर गेलं तर हसतील." उदाहरण शास्त्रातही बरोबर होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"बरं झालं तुला विचारलं," ती म्हणाली. तिला अजूनही वाटतं की आक्का सांगते ते बरोबरच असतं.

व्याख्यानाला अण्णा आले, कडक इस्त्रीची टोपी घालून, आणि पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसले. पडद्यावर आलेखामागून आलेख येत होते. पाचव्या मिनिटाला मागे कुजबुज सुरू झाली. शेवटी माझ्याच वर्गातली एक मुलगी उठली आणि तिने अण्णांचाच प्रश्न विचारला: एवढासा कण ढकलतो कसा?

बहिणीने फळ्यावर समीकरण लिहिलं. एकदा समजावलं, दोनदा समजावलं. मुलगी "थँक्यू मॅडम" म्हणून खाली बसली. कळलं नाही की मुलं कशी थँक्यू म्हणतात, ते आम्हा शिक्षकांना पाठ असतं. खोटं कशाला बोलू, मला गार वाटलं. कित्येक वर्षांचं पोटातलं दुखणं घटकाभर थांबलं.

अण्णा माझ्याकडे झुकले. "दगडाचं का सांगत न्हाई ती? पोरांना चट कळंल की."

"ते चुकीचं होतं, अण्णा."

त्यांनी जरा विचार केला. मग माझ्या हातावर हात ठेवला. "तू म्हणतीस म्हंजे चुकीचंच असंल. तिच्यापरास तुला जास्त कळतंय, मला ठावं हाय."

त्यांच्या तोंडून हे ऐकायला मी किती वर्षं वाट पाहिली होती. समोर बहीण फळा पुसून तिसऱ्यांदा समजावायला लागली होती.